नगरसेवकाविरुद्धचा अर्ज कुठे जातो?

प्रति,
नागपूर महानगरपालिकेचे सर्व १५१ सन्माननीय सदस्य

विषय : नगरसेवकांच्या वर्तनाबद्दल येणाऱ्या तक्रारींची चौकशी

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात टंकलेखनाचे काम करते. या कामाला ३२ वर्षे झाली. सुरुवातीला रेमिंग्टनचे मशीन होते, कार्बन लावून चार प्रती काढायच्या. आता संगणक आणि प्रिंटर आहे. शपथपत्रे, भाडेकरार, नोटिशीची उत्तरे, वारसदाखल्याचे अर्ज, जे समोर येईल ते मी टाईप करते. लोक येतात आणि म्हणतात, "ताई, एक अर्ज मारून द्या."

नवऱ्याविरुद्धचा अर्ज सांगताना बायका रडतात, भावाविरुद्धचा सांगताना माणसे चिडतात. नगरसेवकाविरुद्धचा अर्ज सांगताना मात्र माणूस आधी मागे वळून बघतो आणि मग आवाज खाली करून विचारतो, "नाव टाकावंच लागते का?" इतक्या वर्षांत या प्रश्नात फरक पडलेला नाही. पक्ष बदलले, प्रभागांच्या सीमा बदलल्या, एकाचे चार नगरसेवक झाले, तरी तोच प्रश्न येतो.

हे पत्र तुमच्यापैकी कोणावर आरोप करण्यासाठी नाही. २०२२ च्या मार्चमध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले तेव्हा मी सकाळीच रांगेत जाऊन उभी राहिले. त्या चार वर्षांत नगरसेवक नसणे म्हणजे काय ते आम्ही अनुभवले आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले, त्या वेळी ज्याच्या नावाने हाक मारावी असा निवडून दिलेला माणूस महापालिकेत एकही नव्हता. म्हणून तुम्ही असणे आम्हाला हवे आहे, आणि त्याच कारणाने तुमच्या वर्तनाबद्दल तक्रार आली तर ती नीट तपासली जाणेही हवे आहे.

माझ्या मोठ्या बहिणीची गोष्ट सांगते. गाव कोणते, प्रभाग कोणता, कार्यालय कोणते, हे मी मुद्दाम लिहीत नाही.

ती शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिच्या लेआऊटमध्ये बगिच्यासाठी सोडलेल्या जागेवर हळूहळू टिनाची शेडे उभी राहिली. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली तेव्हा तिथले नगरसेवक स्वतः गाडीसमोर उभे राहिले आणि पथक परत गेले. बहिणीने ते गॅलरीतून पाहिले, मोबाईलवर फोटोही काढले. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला आणि मी अर्ज टाईप केला. दीड पान, फोटो जोडलेले, भाषा साधी. तिने तो स्वतः जाऊन दिला आणि आवक शिक्का मारून घेतला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दोन तरुण तिच्या घरी आले. त्यांच्या हातात त्याच अर्जाची झेरॉक्स होती, मी टाईप केलेली, शिक्क्यासकट. ते नीट बसले, पाणी प्याले. एक जण म्हणाला, "काकू, भाऊ म्हणते, आपसातलं आपसात बोलायचं न. अर्ज कायले दिला?" धमकी नाही, शिवी नाही. उठताना पाया पडून गेले. माझी बहीण त्या रात्री झोपली नाही, आणि पुढचा आठवडाभर संध्याकाळी फिरायलाही गेली नाही.

सात आठवड्यांनी पत्र आले. "आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे अग्रेषित करण्यात येत आहे." खाली संबंधित कार्यालयाला सूचना होती : नियमानुसार उचित कार्यवाही करावी व अर्जदारास परस्पर कळवावे. संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांनी कळवले की ही बाब त्यांच्या अखत्यारीत येत नाही. अर्ज जिथून निघाला तिथेच परत आला. एकूण १४ महिन्यांनी "प्रकरण निकाली काढण्यात येत आहे" असे एका ओळीचे पत्र मिळाले.

मग आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला. १० रुपयांचे तिकीट, ३० दिवसांची मुदत. पहिल्यांदा उत्तर आले की ही तिसऱ्या व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे. पहिले अपील केले तेव्हा फाईल पाहायला मिळाली. फाईलमध्ये चार कागद होते. बहिणीचा अर्ज, दोन अग्रेषणपत्रे आणि ते एका ओळीचे पत्र. स्थळपाहणी नाही, पंचनामा नाही. पथकातल्या कोणाचा जबाब नाही, नगरसेवकांचा खुलासा नाही. १४ महिन्यांत कोणी कोणाला एक प्रश्नही विचारलेला नव्हता.

पुढे एका लग्नात ते नगरसेवक बहिणीला भेटले, तोवर माजी झाले होते. तिनेच विषय काढला. ते म्हणाले, "मॅडम, मले तं कोणी इचारलंच नाही. त्या शेडांमध्ये ज्या बाया बसत होत्या, रस्ता रुंद झाला तेव्हा त्याइचे ठेले गेले होते. कुठं पाठवू त्याइले?" हे खरे होते की नाही, मला माहीत नाही. बहिणीलाही माहीत नाही. खरे असेल तर एका माणसावर आम्ही मनातल्या मनात काही वर्षे अन्याय केला. खोटे असेल तर बगिच्याची जागा खाल्ली गेली आणि कोणाला काही झाले नाही. कोणी विचारले असते तर दोन्हींपैकी एक गोष्ट कागदावर आली असती.

आता कायद्याकडे वळते. कलमे टाईप करून करून पाठ झाली आहेत, पण त्यांचा एकत्र अर्थ मला फार उशिरा लागला.

नागपूरला आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार मतदारयादीत नाव असलेला कोणीही तुमच्या निवडीला न्यायाधीशांपुढे आव्हान देऊ शकतो, पण निकालानंतर त्यासाठी मुदत १० दिवसांची. हे १० दिवस सरले की मतदाराच्या हातातले कलम संपते आणि उरलेली पाच वर्षे सुरू होतात.

त्या पाच वर्षांत काय करू नये हे कायद्याने अगदी तपशिलात सांगितले आहे. कलम १० म्हणते की महापालिकेच्या ठेक्यात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदाराचा, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, हितसंबंध असता कामा नये. त्याच कलमात पुढे घातलेल्या तरतुदीनुसार सदस्याने, त्याच्या पती किंवा पत्नीने अथवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केले, सदस्याने अशा बांधकामाला मदत केली, किंवा ते पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला लेखी पत्राने वा प्रत्यक्ष उभे राहून अडवले, तरी तो उरलेल्या मुदतीसाठी अपात्र ठरतो. कलम ११ मध्ये आहे की स्वतःचा हितसंबंध असलेल्या विषयावर चर्चेत भाग घेतला किंवा मत दिले, अथवा आजारपण वा रजा नसताना सलग तीन महिने सभांना आले नाही, तर पद जाते.

माझ्या बहिणीने गॅलरीतून जे पाहिले ते शब्दशः या तरतुदीत बसणारे होते. मग अर्जाचे काही झाले का नाही?

कारण कलम १२. एखादा सदस्य अपात्र ठरला की नाही असा वाद उभा राहिला, तर तो न्यायाधीशांकडे कोण नेऊ शकतो? स्वतः तो सदस्य, किंवा दुसरा एखादा सदस्य. आणि महापालिकेने विनंती केली तर आयुक्तांनी तो न्यायलाच हवा. बस. शेड पाहणारी शिक्षिका त्या यादीत नाही. ठेक्याची कागदपत्रे गोळा करणारा दुकानदारही नाही. ज्याच्या मताने सदस्य झाला तो मतदारच त्या यादीत नाही.

कलम १३ चीही तीच गत. कर्तव्य बजावताना गैरवर्तणूक केली किंवा लज्जास्पद वर्तन केले तर राज्य सरकार सदस्याला पदावरून काढू शकते, स्वतःहून किंवा महापालिकेच्या शिफारशीवरून, त्याला म्हणणे मांडायची संधी देऊन. इथेही सुरुवात तुमच्याकडून व्हावी लागते किंवा मंत्रालयातून. गैरवर्तणूक कशाला म्हणायचे याची यादी कायद्यात नाही, आणि नागरिकाचा अर्ज आला की किती दिवसांत काय करायचे याचे वेळापत्रकही नाही.

सभागृहाने ठरवले तर हे कलम चालते. अहमदनगर महानगरपालिकेत (आता अहिल्यानगर) २०१८ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या उपमहापौरांनी शिवाजी महाराजांबद्दल फोनवर काढलेले उद्गार बाहेर आले. सगळा महाराष्ट्र खवळला, सभागृहाने त्यांना काढण्याचा ठराव केला. सरकारचा आदेश निघाला २०२० च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात महापालिकेची निवडणूक झाली आणि ते पुन्हा निवडूनही आले होते. ज्या प्रकरणाची चर्चा घराघरात झाली त्याला दोन वर्षे लागली, तर एखाद्या लेआऊटमधल्या टिनाच्या शेडांना किती लागतील?

पक्षांनी आपल्यासाठी व्यवस्था केली आहे, हे मला फार बोचते. नगरसेवकाने पक्षादेश मोडला तर १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आहे. पक्षाची तक्रार विभागीय आयुक्तांकडे जाते, नोटीस निघते, सुनावणीच्या तारखा लागतात, दोन्ही बाजूंचे वकील उभे राहतात, निकाल कारणांसह लागतो. जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही तरी पद जाते, ते तर तुमच्यापैकी राखीव जागेवरून आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग एखाद्या बाईने लिहून दिले की नगरसेवकाने मला कार्यालयात सगळ्यांसमोर अपमानित केले, किंवा माझ्या नळाचे काम मी त्यांच्या विरोधात प्रचार केला म्हणून अडवले, तर त्या कागदाला नोटीस नाही, तारीख नाही, निकाल नाही.

लोक मला सांगतात, "लाचलुचपतवाल्यांकडे जा." जावे, जरूर जावे. १०६४ हा त्यांचा क्रमांक मी माझ्या टेबलावर चिकटवून ठेवला आहे. नगरसेवक हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातला लोकसेवक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका नगरपालिका सदस्याच्या खटल्यात २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या आठ-नऊ पैशांच्या मागणीच्या नसतात. शब्द, दबाव, पक्षपात, नातेवाइकाच्या नावावर चाललेले काम, रागाने थांबवलेली नाली, अशा त्या असतात. पोलीस ठाण्यात गेले तर फार तर अदखलपात्र म्हणून नोंद होते. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्याच शहरात आहे, हे आपले भाग्य, पण घरकाम करणाऱ्या बाईने नळासाठी रिट याचिका करावी असे कोण म्हणेल? लोकायुक्त आहेत. महाराष्ट्राने त्यासाठीचा कायदा १९७१ मध्येच केला आणि नव्या लोकायुक्त विधेयकाला विधानसभेने मंजुरी दिली ती २०२२ च्या डिसेंबरात, इथेच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. पण प्रभागातल्या रोजच्या वागणुकीचा प्रत्येक वाद राज्याच्या सर्वोच्च तपास यंत्रणेपर्यंत न्यावा लागणे योग्य नाही. त्याची पहिली विचारपूस घराजवळ व्हायला हवी.

चार सदस्यांच्या प्रभागाने यात आणखी एक गाठ मारली आहे. ३८ प्रभाग, एक सोडून सगळीकडे चार-चार नगरसेवक. अर्जदार माझ्यासमोर बसतो आणि नाव विचारले की गोंधळतो. गडरचे (सांडपाण्याच्या नालीचे) काम कोणी अडवले? एक म्हणतो ते दुसऱ्याकडे आहे, दुसरा म्हणतो तिसऱ्या ताईंना विचारा. तक्रार कोणाविरुद्ध करायची हेच कळत नाही, तेव्हा अर्ज "संबंधित नगरसेवक" अशा मोघम शब्दांत लिहावा लागतो, आणि मोघम अर्ज फेटाळणे सगळ्यात सोपे.

तुमच्या बाजूनेही विचार केला आहे. अर्ज टाईप करणाऱ्याला खोटा अर्जही ओळखता येतो. निवडणुकीच्या आधी दोन महिने माझ्याकडे येणारे काही लोक तक्रार घेऊन येत नाहीत, कोणीतरी लिहून दिलेला मजकूर घेऊन येतात. माहिती अधिकाराच्या नावाखाली पैसे मागणारेही मी पाहिले आहेत. निवडून आलेल्या माणसाला कोणाच्याही अर्जावर पदावरून ढकलता येऊ नये. उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांना काढण्याचा सरकारचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केला, तो याच विचाराने. लोकांनी निवडून दिलेल्या व्यक्तीला काढायचे तर आरोप गंभीर हवा, तो सिद्ध व्हायला हवा, कारणे लिहिलेली हवीत. मला हे पूर्ण मान्य आहे. पण चौकशीच होत नाही तेव्हा खोट्या तक्रारीतून सुटकाही होत नाही. आरोप चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सअॅपवर फिरत राहतो, पाच वर्षांनी प्रचारात पुन्हा निघतो, आणि ज्याच्यावर तो आहे त्याच्याकडे दाखवायला एकही कागद नसतो. बहिणीला लग्नात भेटलेल्या त्या माजी नगरसेवकांकडेही नव्हता.

नागपूरने याचे दुसरे टोकही पाहिले आहे. जुन्या सदस्यांना नंदलाल समिती आठवत असेल. महापालिकेतल्या व्यवहारांची चौकशी त्या समितीने केली. क्रीडा साहित्याच्या खरेदीवरून तेव्हाच्या अनेक नगरसेवकांवर गुन्हे नोंदले गेले आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. त्या काळात आमच्या आवारात त्या तारखांना होणारी गर्दी मी पाहिली आहे. त्यांत तरुणपणी आलेली माणसे म्हातारी होताना पाहिली. दोषी कोण, निर्दोष कोण, हे लवकर कळले असते तर शहराचेही भले झाले असते आणि त्या माणसांचेही. वेळेवर, लहान पातळीवर, त्याच महिन्यात विचारपूस होण्याची सवय नसली की मग एकदम मोठी समिती बसते, आणि तिचा अहवाल येईपर्यंत एक पिढी निघून जाते.

दुसरीकडे काय करतात याची मी थोडी चौकशी केली. केरळात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी स्वतंत्र ओम्बुड्समन, म्हणजे तक्रारी तपासणारा अधिकारी, आहे. तिथला सामान्य माणूस पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या निवडून आलेल्या सदस्याविरुद्ध थेट त्याच्याकडे तक्रार करू शकतो, कोणा दुसऱ्या सदस्याच्या मेहेरबानीची गरज नाही. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना सदस्यांची आचारसंहिता ठेवावी लागते आणि परिषदेबाहेरची किमान एक स्वतंत्र व्यक्ती नेमावी लागते. चौकशी झालेल्या तक्रारीवर निर्णय घेण्याआधी त्या व्यक्तीचे मत घेणे बंधनकारक आहे. तिथल्या परिषदांना सदस्याला निलंबित करता येत नाही, आणि ही व्यवस्था दुबळी आहे अशी ओरड तिथेही आहे. पण तक्रार कोणाकडे द्यायची आणि ती कोण वाचणार, हे तरी तिथल्या माणसाला माहीत असते.

सदस्यहो, कलम १२ आणि १३ यांनी नागरिकाला बाहेर ठेवले, पण तुम्हाला आत ठेवले आहे. "दुसरा एखादा सदस्य" म्हणजे तुमच्यापैकी कोणीही एक. "महापालिका" म्हणजे तुम्ही सगळे मिळून. म्हणून मुंबईत कायदा बदलण्याची वाट न पाहता सभागृहाच्या एका ठरावाने जे होऊ शकते, ते मी तुमच्याकडे मागते आहे.

सदस्यांच्या वर्तनाबद्दलची प्रत्येक तक्रार एकाच ठिकाणी, निगम सचिवांकडे, स्वीकारली जावी आणि तिला वेगळा क्रमांक मिळावा. झोनमधून मुख्यालयात आणि मुख्यालयातून झोनमध्ये हा प्रवास बंद व्हावा. १५ दिवसांत कोणीतरी ती वाचून ठरवावे की ही कामाची तक्रार आहे, वर्तनाची आहे की गुन्ह्याची. कामाची असेल तर विभागाकडे, गुन्ह्याची असेल तर पोलिसांकडे किंवा लाचलुचपत विभागाकडे, आणि तसे अर्जदाराला लेखी कळवावे. वर्तनाची असेल तर ती तपासणारा माणूस सभागृहाबाहेरचा असावा. उच्च न्यायालयाचे खंडपीठ असलेल्या या शहरात निवृत्त न्यायाधीशांची वाण नाही. एक किंवा दोन नावे सर्व पक्षांनी मिळून ठरवावीत. सदस्यांनीच सदस्यांची चौकशी केली तर सत्ताधाऱ्याची तक्रार विझेल आणि विरोधकाची पेटेल, हे मी सांगायला नको.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या सदस्याला ती मिळालीच पाहिजे, त्याच्याशिवाय न्याय नाही. पण ती निगम सचिवांच्या पत्रासोबत, बंद पाकिटात मिळावी, अर्जदाराचा पत्ता आणि मोबाईल क्रमांक काढून. कोणत्या टेबलावरून कोणाच्या मोबाईलमध्ये फोटो गेला हे शोधत बसण्याची वेळ येऊ नये. आवक शिक्का बसल्यावर चौथ्या दिवशी अर्जाची झेरॉक्स अर्जदाराच्या दिवाणखान्यात येते, ही या सगळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे असे मला वाटते. दिरंगाईपेक्षाही वाईट. उशीर झाला तर माणूस कंटाळतो. पण असे झाले की तो एकटाच नाही, त्याची सगळी गल्ली पुन्हा कधी अर्ज करत नाही. माझ्या बहिणीच्या लेआऊटमधून त्यानंतर एकही तक्रार गेली नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तिथे सगळे आलबेल आहे असे वाटले असेल.

खोट्या तक्रारींना आळा घालायचा तर अर्जासोबत शपथपत्र मागा. खोटे शपथपत्र करणे हा गुन्हा आहे हे लोकांना कळते. माझ्यासमोर कितीतरी जणांनी "शपथपत्र करायचं आहे" म्हटल्यावर मजकुरातली दोन वाक्ये काढायला लावली आहेत. पण त्या शपथपत्राचा खर्च गरीब अर्जदारावर पडू नये याची व्यवस्था करा.

९० दिवसांत अहवाल यावा, कारणांसह. तो पुढच्या सर्वसाधारण सभेत पटलावर ठेवावा आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकावा. आरोप खोटा ठरला तर तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. कलम १० मध्ये बसणारी बाब निघाली तर आयुक्तांनी ती न्यायाधीशांकडे न्यावी अशी विनंती सभागृहाने करावी. गैरवर्तणूक दिसली तर सरकारकडे शिफारस करायची की नाही यावर उघड मतदान व्हावे. मग कोणी हात वर केला आणि कोणी खाली ठेवला, ते आम्हाला दिसेल. महालातल्या टाऊन हॉलमध्ये सभा भरायच्या त्या दिवसांत मी दोन-तीनदा प्रेक्षक म्हणून बसले आहे. वर कोणी बसले आहे हे कळले की खाली बोलण्याची पद्धत बदलते, हे मी तेव्हा पाहिले.

आणि याच ठरावात राज्य सरकारला एक विनंती जोडा : कलम १२ मध्ये "त्या प्रभागातला मतदार" हे शब्द घाला. १० दिवस ज्याला न्यायाधीशांकडे जाता येते, त्याला पाच वर्षे का जाता येऊ नये, याचे उत्तर मला कोणत्याही वकिलाने अजून दिलेले नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की असा ठराव आणणाऱ्यावरच पहिली तक्रार येईल. येईलही. पण आधीच्या सभागृहांनी तो आणला नाही म्हणून तक्रारी थांबल्या नव्हत्या. त्या फक्त फाईलमध्ये चार कागद होऊन पडल्या होत्या.

या पत्राची छापील प्रत मी निगम सचिवांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवली आहे. बहिणीच्या अर्जाची प्रत जोडलेली नाही. तिला विचारले होते. ती म्हणाली, "माझं नाव राहू दे. पण त्याइचं उत्तर आलं तं मले फोन कर." तिचा तो दीड पानाचा अर्ज अजून माझ्या संगणकात आहे. पत्राचा आवक क्रमांक मिळाला की तिला कळवीन, आणि त्यानंतर सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय येतो का, ते पाहत राहीन.

आपली,
जिल्हा न्यायालय परिसरातील एक टंकलेखिका
नागपूर